खाणीचा ठाव

आमच्या घरी सातबारा देवघराखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेला असायचा. त्याच ट्रंकेत आईचं लग्नातलं लुगडं, आजोबांचं रेशनकार्ड आणि माझा दहावीचा निकाल. दिवाळीच्या आधी ट्रंक उघडून सगळं उन्हात टाकायचं. आजीला वाचता येत नव्हतं, पण सातबाऱ्याचा कागद ती ओळखायची. पदराने पुसून म्हणायची, "नीट ठेव बाला, ह्यात तुझा आजा हाय."

त्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात आज एक ओळ आहे. गौण खनिजाच्या दंडाचा बोजा. ती ओळ 2018 साली नोव्हेंबरातल्या एका सकाळी आमच्या डोंगरावर जे झालं, त्यामुळे पडली. तलाठी, सर्कल किंवा खाणवाला यांच्यापैकी कोणामुळे ती पडली म्हणावं, हा प्रश्न घरात बरीच वर्षं चालू होता. मला वाटतं, तिचा खरा लेखक मीच.

आमचं गाव रायगडच्या किनारपट्टीत, खाडीच्या आतल्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून तीच आहेत. एका बाजूला खारेपाट, म्हणजे बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भाताची जमीन. दुसऱ्या बाजूला डोंगर. खारीतलं भात खायचं आणि डोंगरावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी करायची. नाहीच जमलं तर गवत कापून विकायचं. आमच्या वाट्याला अडीच एकर वरकस. बाबा तिला 'कातळ' म्हणत. कुदळ मारली की वीतभर मातीखाली खणकन आवाज यायचा.

हा दगड काळा पाषाण. घारापुरीची लेणी ह्याच दगडात कोरली. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींतून शिरतं आणि निघून जातं, तट उभा राहतो. आमच्या घरचं जातं, पाटा, अंगणातली डोणी, सगळं त्याच दगडाचं. दिवाळीनंतर वडार यायचे, त्यांच्या बायका "टाकीये टाकी" ओरडत दारोदार फिरायच्या आणि पाट्याला टाकी लावून द्यायच्या. त्या टकटकीत आमची दुपार जायची. दगड विकून पैसे येतात, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

ते कळलं उशिरा. न्हावाशेव्याचं बंदर 1989 ला सुरू झालं, नवी मुंबई वाढली, महामार्ग रुंद व्हायला लागला, किनाऱ्याकडच्या वाड्यांमध्ये मुंबईकरांचे बंगले उठले. सगळ्याला खडी लागते. खारबंदिस्तीच्या बांधाला पिचिंग करायचं तर तेही दगडाचंच. उरण-पनवेलकडचे डोंगर कापत कापत मंडळी आमच्याकडे सरकली. आमच्याकडे जे आले त्यांना सगळे 'तात्या' म्हणत. पांढरी गाडी, कपाळाला अष्टगंध, बोलायला गोड. बाबांना म्हणाले, "कातळ तुम्हाला काय देतो? गवताचे भारे. मी वर्षाला भाडं देतो, वर ब्रासमागे काही."

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला.

करार स्टॅम्पपेपरवर झाला. परवाना बाबांच्या नावाने, खाण तात्यांची. हे असंच चालतं, जमिनीचा मालक अर्ज करतो आणि धंदा दुसरा करतो. करारात एक कलम होतं की सर्व शासकीय जबाबदारी जमीनमालकाची राहील. मी बी.कॉम. झालेला, मीच तो वाचून दाखवला. त्या कलमावर माझी जीभ जराही अडखळली नाही. बहिणीचं लग्न ठरलेलं होतं.

परवान्याची फाईल जाड होती. पूर्वी म्हणे पाच हेक्टरांच्या आतल्या खाणीला पर्यावरणाची मंजुरी लागत नसे, म्हणून लोक मोठ्या खाणीचे तुकडे पाडून कागद करत. 27 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या एका प्रकरणात ती पळवाट बंद केली, आणि पुढच्या वर्षी राज्याचे गौण खनिजाचे नवे नियम आले. त्यामुळे आमच्या अडीच एकरालाही पर्यावरणाची मंजुरी, प्रदूषण मंडळाची संमती, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, मोजणीचा नकाशा, सगळं लागलं. परवान्यामागे अटींची यादी. हद्दीवर खांब लावावेत. कुंपण घालावं. पायऱ्या-पायऱ्यांनी खोदत जावं, सरळ कडा ठेवू नये. सुरुंग ठरलेल्या वेळी, भोंगा देऊन, परवानाधारक माणसाकडूनच. धुळीवर पाणी मारावं. रात्री काम नाही. पासाशिवाय गाडी नाही. वाचताना वाटलं, एवढं सगळं पाळलं तर डोंगराला कळणारही नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग अटी एकेक करून गळाल्या. भोंगा बिघडला तो बिघडलाच. सुरुंग कधी दुपारी, कधी तिन्हीसांजेला. आजी चुलीपाशी बसलेली असायची, जमीन हलली की फळीवरचे डबे वाजायचे. ती फक्त "फोडला गं बाय" म्हणायची. मागच्या भिंतीला एक चीर गेली, आधी केसाएवढी, मग बोट जाईल एवढी. आंब्याच्या मोहोरावर पांढरी भुकटी बसायची. शेजारच्या काकूंची विहीर एप्रिलपर्यंत पुरायची, ती फेब्रुवारीत तळ दाखवायला लागली. सुरुंगाने झरा फुटून वाट बदलली असं गाव म्हणायचं. सिद्ध कोण करणार? पाऊसही त्या वर्षांत सारखा नव्हता. पण काकू आमच्या दारावरून कळशी घेऊन जाताना मान वर करेनाशा झाल्या.

आणि ह्या सगळ्या काळात मी खाणीवर कारकून होतो.

पनवेलची नोकरी सुटली होती. तात्या म्हणाले, घरचीच खाण आहे, पास लिही. नाक्यावर पत्र्याची शेड, एक टेबल, एक पंखा. गाडी आली की तारीख, वेळ, गाडीनंबर, ब्रास लिहायचे. पहिल्याच आठवड्यात मुकादमाने शिकवलं, "वेळ शिसपेन्सिलीने टाक." गाडी वाटेत कोणी अडवली नाही तर पास परत यायचा. वेळ खोडायची, नवी लिहायची, तीच गाडी पुन्हा जायची. एका पासावर दोन फेऱ्या, कधी तीन. सरकारला भरलेलं स्वामित्वधन एका फेरीचं. मुकादम मला एक वेगळी वही द्यायचा, तिच्यात खऱ्या फेऱ्या, म्हणजे ड्रायव्हरांचा पगार काढता यावा म्हणून. मी दोन्ही लिहीत असे. अक्षर माझं चांगलं. चौदा महिन्यांनी मला दुसरीकडे काम मिळालं, ते सोडलं. शेवटची वही माझ्या पिशवीत राहून घरी आली. मुद्दाम आणली की राहून गेली, हे आजही मला नक्की सांगता येत नाही.

तक्रार कोणी केली ते कधी बाहेर आलं नाही. अमुक दिवशी तपासणी येणार, हे मात्र आदल्या दिवशीच खाणीवर पोचलं होतं. त्या दिवशी डोंगरावर लग्नघराची धांदल. हद्दीच्या खांबांना पिवळा-काळा रंग. नवा फलक. टँकरने रस्ताभर पाणी. भोंगा दुरुस्त. सुरुंगाची नोंदवही मुकादमाने शेडमध्ये बसून सहा महिन्यांची एका बैठकीत लिहून काढली. मजुरांना सुट्टी. त्यातल्या एका म्हाताऱ्या वडारकाकांना कुठे जायला ठिकाण नव्हतं, ते आमच्या पडवीत येऊन बसले.

सकाळी दहाला दोन गाड्या आल्या. नायब तहसीलदार मॅडम, वय तिशीच्या आत. सर्कल, तलाठी भाऊसाहेब, कोतवाल, आणि मोजणीचं यंत्र तिकाटण्यावर घेऊन आलेली दोन मुलं. त्या यंत्राला ईटीएस म्हणतात. एका जागी उभं करायचं, दुसऱ्याने आरशाची काठी घेऊन कडेकडेने फिरायचं, खड्ड्याचा सगळा आकार आत जमा होतो. सुट्टी काढून मीही आलो होतो, बाबांचं नाव परवान्यावर म्हणून. गावातले दोन पंच घेतले. तात्या खुर्च्या, पाणी, नारळ घेऊन उभे. मॅडमनी नारळ घेतला नाही.

त्या अटींची यादी हातात घेऊन एकेक वाचत फिरल्या. खांब मोजले. एका खांबाला हात लावला, रंग बोटांना लागला. काही बोलल्या नाहीत, रुमालाने बोटं पुसली. नोंदवही चाळली. "ह्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने?" मुकादम म्हणाला, "पेन तेच वापरतो मॅडम." सर्कल हसले. मॅडम हसल्या नाहीत.

मग खड्डा. पन्नास मीटर लांब, चाळीस रुंद. तळाला पावसाचं पाणी, हिरवं, स्थिर. कडेपासून पाण्यापर्यंत तीन मीटर. यंत्राला पाण्याखालचं दिसत नाही. मुलांनी पाण्याच्या कडेपर्यंत माप घेतलं आणि सर्कलनी तिथेच वहीत हिशेब मांडला. पन्नास गुणिले चाळीस गुणिले तीन, म्हणजे सहा हजार घनमीटर. एका ब्रासला 2.83 घनमीटर, तर 2,120 ब्रासच्या आसपास. त्यातून वरची माती, मुरूम, टाकाऊ दगड असा तिसरा हिस्सा वजा. राहिला तो अखंड कातळ. आणि अखंड कातळ फोडला की फुगतो, ट्रकमध्ये भरताना एकाचा साधारण दीड होतो. म्हणजे गाडीतले ब्रास पुन्हा 2,100 च्या घरात. पास किती गेलेत? 2,100.

आकडा इतका चोख जुळला की सर्कलनी दोनदा पेन आपटलं. "पाण्याखाली काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"गुडघाभर चिखल आणि पाणी," तात्या म्हणाले. "पावसाचं साठलंय."

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला ठाऊक होतं. पाण्याखाली चार पायऱ्या होत्या, त्यांचा दगड कुठल्या गाडीतून कधी गेला, हे माझ्याच अक्षरात होतं. पण आणखी एक गोष्ट ठाऊक होती. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 48 खाली जास्तीच्या दगडाला बाजारभावाच्या पाचपट दंड, वर स्वामित्वधन. परवाना बाबांचा, गट बाबांचा. मी तोंड उघडलं तर आकडा आमच्या सातबाऱ्यावर येणार. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि गप्प राहिलो.

बाबा बाजूला नव्हते. कुठे गेले म्हणून पाहतो तर घराच्या वाटेने वर येताना दिसले, खांद्यावर दोर. आमच्या विहिरीचा दोर, टोकाला पाट्यावरचा वरवंटा बांधलेला.

बाबा तरुणपणी मचव्यावर होते. रेवस, धरमतरहून मुंबईला कौलं, विटा, रेती न्यायचे. ओहोटीला खाडीत शिरताना नाळेवर उभं राहून दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सोडायचा आणि मागे सुकाण्याला ओरडून सांगायचं, किती वाव पाणी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं माप, सुमारे सहा फूट. लहानपणी ते आम्हाला सांगायचे, मचव्यावर दारू पिणारा चालतो, भांडणारा चालतो, ठाव खोटा सांगणारा चालत नाही.

ते खड्ड्याच्या कडेच्या उतारावरून पाण्यापर्यंत गेले. तात्या म्हणाले, "अण्णा, पाय घसरेल, राहू दे." बाबांनी वरवंटा सोडला. दोर हातातून सरसरत गेला. थांबला तिथे गाठ मारली, ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर हात पसरून मोजला. एक. दोन. तीन. चौथ्याला गाठ बोटांत आली.

"चार वाव," बाबा म्हणाले. मग दुसऱ्या जागी टाकला. तीन. कडेला दोन, दीड. ओरडून सांगत होते, मचव्यावर सांगत असतील तसे. सर्कलनी लिहायचं की नाही म्हणून मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "लिहा. पंचांसमक्ष, दोरीने."

बाबा वर आल्यावर त्यांनी विचारलं, "काका, परवाना तुमच्या नावावर आहे. ह्याचा अर्थ कळतोय ना?"

बाबा दोर गुंडाळत होते. "ठाव घेतला, सांगितला. पुढचं तुमचं," म्हणाले.

पडवीत आलो तेव्हा वडारकाका अजून तिथेच होते. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले, "मधी पाच हाय. मधी टाकला नाय त्यांनी." संध्याकाळी घरात कोणी बोललं नाही. आईने भाकऱ्या थापल्या, बाबा जेवले आणि झोपले. मला झोप आली नाही. मी शिकलेला, कायदा वाचलेला, दोन वह्या लिहिलेला, आणि बोलला तो माणूस ज्याला कलम 48 माहीत नव्हतं. की माहीत होतं? हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

पुढचं लवकर सांगतो. खाण बंद झाली. नोटीस आली बाबांच्या नावे. दंडाचा आकडा एक कोटीच्या पुढे होता, तो वाचून आई हसली, म्हणाली, "म्हशीसकट धरलंय का?" तात्या महिनाभरात यंत्रं उचलून दुसऱ्या तालुक्यात गेले. फोन लागेना. सातबाऱ्यावर बोजा चढला. सोसायटीने पीककर्ज नाकारलं. त्या वर्षी खारीत भात लावायला बियाण्याचे पैसे बहिणीने दिले, तिच्याच लग्नासाठी डोंगर दिला होता ती बहीण. गावात काहीजण बाबांना वेडा म्हणाले. काहीजण म्हणाले, पैसे खाताना गोड लागले, आता रडा. दोन्हीत तथ्य होतं. काकूंनी मात्र एक दिवस वाटीभर सुकट आणून ओट्यावर ठेवली आणि न बोलता गेल्या.

आम्ही प्रांतांकडे अपील केलं. तारखांवर तारखा. तिसऱ्या तारखेला मी पिशवीतून ती वही काढली. वकील म्हणाले, "विचार कर. ह्यात तूही आहेस." मी जबाब लिहून दिला, पास मी लिहिले, वेळ पेन्सिलीने टाकली, ह्या गाड्या, ह्या फेऱ्या, हा पगार तात्यांच्या मुकादमाने वाटला. हात थरथरत होता, अक्षर पहिल्यांदाच खराब आलं. साहेबांनी वही चाळली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे तपासणीच्या दिवशी का नाही सांगितलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्यांनी थांबूनही पाहिलं नाही, पुढचं प्रकरण पुकारलं.

प्रकरण फेरतपासणीला गेलं. पंप लावून पाणी उपसलं, यंत्राने तळापासून मोजलं. मधोमध खरंच पाच वाव निघालं. वहीमुळे जबाबदारी फक्त जमिनीवर राहिली नाही, खाण चालवणाऱ्यावरही आली. आमचा आकडा कमी झाला, पण गेला नाही. परवाना आमचा होता, भाडं आम्ही घेतलं होतं. हप्ते पाडून घेतलेत, मी भरतो. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत ते खाणीबद्दल बोलत नसत, मचव्यांबद्दल बोलत.

तपासणी काय मोजते, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. खांब मोजते, वही मोजते, खड्डा मोजते. आजीच्या भिंतीतली चीर पंचनाम्यात आली नाही, अटींच्या यादीत भिंत नव्हती. काकूंची विहीर आली नाही. आणि जे मोजायचं होतं तेही पाण्याच्या वरपर्यंतच मोजलं जाणार होतं, कागदाशी जुळतंय म्हणून. त्या दिवशी यंत्र होतं, अधिकारी प्रामाणिक होत्या, नियम चोख होते. कमी होता तो तिथलाच एक माणूस, खाली किती आहे ते सांगणारा. ती जागा माझी होती. ती बाबांनी भरली.

खड्डा तसाच आहे. पावसाळ्यात भरतो, मे महिन्यापर्यंत पाणी टिकतं. काकूंच्या विहिरीला मात्र फेब्रुवारीनंतर पाणी नाहीच. वाडीतल्या बाया आता खाणीवर धुणं नेतात. मुलांनी पोहू नये म्हणून आम्ही स्वखर्चाने कुंपण घातलं, परवान्यात ती चौथी अट होती. वरवंटा आई अजून वापरते. त्याच्या एका टोकाला दोराचा काच पडलाय, मिरची वाटताना तो हाताला लागतो. गेल्या दिवाळीत ट्रंक उघडली तेव्हा मुलीने सातबारा वाचला आणि विचारलं, "पप्पा, बोजा म्हणजे?"

मी तिला खाणीवर नेलं आणि पहिल्यापासून सांगितलं. पेन्सिलीचं आधी.